माशांनी सोडलेली जागा

प्रणालीचा पारा चढला. चौलच्या घरामागे पोफळीखाली ठेवलेली मधपेटी तिने दोन महिन्यांनी उघडली, तर आत कुणीतरी हात मारलेला!

पेटीत चौकटी घालायला ती विसरली होती. म्हणून माशांनी मनाला येईल तसं पोळं बांधलं होतं, आणि त्या भरल्या पोळ्यात मनगट जाईल एवढं भोक होतं.

"धर्माकाका, मध हवा होता तर मागायचा ना!" कुंपणापलीकडे वाडीला पाणी घालणाऱ्या शेजाऱ्यावर ती कडाडली. "चोरी कशाला?"

म्हातारा धर्मा येऊन वाकला आणि बराच वेळ बघत राहिला.

"हे कापलेलं न्हाय, पोरी. कापलेलं माशा बुजवतात. ह्या कडा बघ, मेणानं गुळगुळीत केल्यात. मधी काय असलं, तरच त्या वळसा घालून बांधतात."

"मधे काय असणार? मला शिकवताय?"

तो आपल्या बादल्यांकडे माघारी फिरला. ते तिला जास्तच झोंबलं. पेटी उघडताना दिलेल्या धुराने माशा बाजूला सरल्याच होत्या. पेटीत डोकं घालून तिने हात भोकात खुपसला. आत ऊब होती. टोकाला पाच वाटा फुटल्या होत्या, त्यांत तिची पाचही बोटं अलगद बसली.

"बघा, काही नाहीये इथे!"

मग पेटीबाहेर राहिलेला तिचा दुसरा हात कुणीतरी घट्ट धरला.

"काका, हा काय चावटपणा? हात सोडा माझा!"

कुंपणापलीकडे धर्माने दोन्ही हातांतल्या बादल्या खाली ठेवल्या.

"काय म्हणालीस, पोरी?"