पाळणा पुरा होईपर्यंत

डाव्या हाताचा तिसरा गडगडाट सुरू करताना इराला पियानोच्या चकचकीत काळ्या फळीत आजोबा दिसले. हॉलच्या शेवटच्या रांगेत. उभे.

आता कशाला उठले हे?

म्हैसूरच्या त्या चर्चच्या हॉलात नाताळाच्या कार्यक्रमाची तालीम होती. गव्हाणीतल्या बाळाला निजवायचं जुनं गाणं इरानं एकट्या पियानोसाठी नव्यानं बांधलं होतं. चार महिने खपून. दहा बोटांना श्वास घ्यायला फुरसत नाही असं. पियानो शिकवणाऱ्या वनजा मिसना आज ते पसंत पडलं, तर रविवारी शेवटी वाजवण्याचा मान तिचा, नाहीतर चैत्रालीचा.

पहिली ओळ तेवढी साधी होती. दर डिसेंबरात गल्लीत ऐकलेली ती चाल आजोबांनी, जगन्नाथरावांनी, ओळखली आणि ते उठले. जन्माच्या कीर्तनात पाळणा लागला की उभं राहायचं, बाळ निजलं की बसायचं. आयुष्यभर त्यांनी तेच केलं होतं.

“ताता, कूतकोळ्ळी,” वनजा मिसनी मागे वळून हातानं बसायची खूण केली.

आजोबांनी मान हलवली. बसले नाहीत.

इराचं बोट एकदा घसरलं. मग आणखी एकदा. आठ मिनिटांनी शेवटचा स्वरमेळ भांड्यांची मांडणी कोसळावी तसा कोसळला. चैत्रालीनं दोन टाळ्या वाजवल्या आणि थांबली. आजोबा अजून उभेच होते.

“काय हे आजोबा!” इरा स्टुलावरूनच ओरडली. “सुम्मने, उगीचच उभे राहिलात! तुमच्यामुळे चुकले मी. बसा ना आता!”

“कसा बसू?” त्यांचाही आवाज चढला. पुढच्या बाकाची पाठ त्यांनी घट्ट धरली होती. “पहिल्या ओळीला पाळण्याची दोरी हातात दिलीस, आणि लगेच हिसकावून घेतलीस. पुढे नुसता धडधडाट! बाळ टक्क जागं आहे अजून.”

“हे कीर्तन नाही! सोलो आहे, सोलो. एकटीनं वाजवायचं असतं.”

“मग एकटीनं निजव की त्याला! कोण नको म्हणतंय?”

चैत्राली फिसकन हसली. इराच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. वनजा मिसच्या मांडीवर दोन नावांचा कागद होता. त्यांनी पेन्सिल उचलली आणि तशीच धरून ठेवली.

“घ्या! घ्या तुमचा पाळणा!”

इरानं एका बोटानं चाल आपटायला सुरुवात केली. पहिली ओळ, खिळे ठोकावेत तशी. दुसरीही तशीच. तिसऱ्या ओळीला चाल वर चढते. तिथे तिनं बोट उगारलं, पण ते हलकेच टेकलं. राग होता तिथेच होता. बोटाला तो पेलेना. वनजा मिस ओठ मिटून गुणगुणू लागल्या होत्या. मागून एक घोगरा आवाज ‘जो जो’ म्हणत त्यात मिसळला.

इरानं काळ्या फळीकडे पाहिलं नाही. शेवटचा स्वर विरेपर्यंत पट्टी दाबून धरली.

मागे बाक कुरकुरला.