पेला खाली

व्हँकूवरमधल्या आपल्या चिनी, सिचुआन पद्धतीच्या झणझणीत खानावळीत बिअर सोडून दुसरी दारू विकायची नाही, हा थान म्हाताऱ्याचा हेका. वाइनचं शिकून आलेल्या मुलीला, युएलानला, तो रोज टोचायचा, "मिरचीच्या माशावर द्राक्षाचं पाणी? शिकवणाऱ्याची जीभ जागेवर होती ना?"

शेवटी तिने तोच तोंड पेटवणारा मासा आणि गोडसर पांढरी वाइन त्याच्यापुढे आदळली. त्याने मासा खाल्ला, घोट घेतला. पुन्हा मासा, पुन्हा घोट.

"विकू की नको, एवढंच सांगा, बाबा."

"पेला उचल."

पेले भिडवताना धाकट्याने मोठ्याचा मान म्हणून आपला खाली धरायचा, हे त्यानेच तिला शिकवलं होतं. तिने खाली धरला. म्हाताऱ्याने आपला त्याच्याही खाली नेला. ती गडबडून आणखी खाली गेली. तोही गेला.

"आता बस कर," तो म्हणाला, "माझी कंबर धरलीय."