चोविसावा दिवस

दार उघडण्याआधीच मला अळूवडीचा खमंग वास आला. म्हणजे सासूबाईच!

नवऱ्याला कारखान्यात दर सहाव्या दिवशी सुट्टी मिळते, मला हॉस्पिटलमध्ये दर आठव्या. दोघांची एकत्र सुट्टी चोवीस दिवसांनी एकदा येते, आणि नेमक्या त्याच दिवशी सासूबाई डबा घेऊन हजर होतात. सिनेमाची तिकिटं मी मुकाट्याने फ्रीजवर ठेवली.

"लसावि काढूनच येते मी, म्हणजे दोघंही सापडता," त्या म्हणाल्या. तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलंय.

चहा देताना मी गोड आवाजात म्हणाले, "आई, एवढी धावपळ कशाला? चोवीसऐवजी पंचवीस दिवसांनी येत जा ना."

"खरंच की," नवरा वडी तोंडात टाकत म्हणाला. "एका दिवसाने काय फरक पडतो?"

सासूबाईंचा अंगठा बोटांच्या पेरांवर भराभर फिरला आणि थबकला. "म्हणजे तुम्ही दोघं मला एकत्र सापडणार थेट सहाशे दिवसांनी!" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, लग्नानंतर पहिल्यांदाच कौतुकाने.

"कसले सहाशे?" नवऱ्याने विचारलं.

उरलेल्या वड्या माझ्यापुढे सरकवत सासूबाई पुटपुटल्या, "यालाही लसावि मीच शिकवला होता गं."