गरिबाचा वाटा

तिबोचा फोन आला तेव्हा ओदेत रूसेलबाईंनी नाताळानंतरच्या सणाच्या बदामी केकचे पाच तुकडे करून ठेवले होते. मुलाचा, सुनेचा, नातीचा, स्वतःचा आणि रिवाजाप्रमाणे एक जास्तीचा, दारी येईल त्या गरिबाचा.

"आई, यंदाही जमत नाही गं. लिझॉनची घोडेस्वारीची शिकवणी आहे."

"अरे, तीन राजांचा सण वर्षातून एकदाच येतो."

"तुला कसली कमी? अख्खा फ्रान्स तुझ्यावर जीव ओवाळून टाकतो!"

बाईंनी फोन ठेवला. अडतीस कादंबऱ्या लिहिल्या. राजवाडे, तलवारी, पळवलेल्या सरदारकन्या, शेवटच्या पानावर हमखास लग्न. आणि तिबोचं सगळं लहानपण बंद दारापलीकडे "आईचं लिहून झालं का?" विचारण्यात गेलं. त्याने एकदा, एकदाच यावं, एवढंच आता त्यांना हवं होतं.

बेल वाजली. त्या धावल्याच. दारात टपालवाली झोसियान, पत्रांची पिशवी घेऊन.

"घ्या तुमचे आशिक! माझी कंबर मोडणार एक दिवस. आणि काय हो, त्या देखण्या कप्तानाला मारलंत? मला दोन दिवस घास गेला नाही."

"आत या ना. केक खाऊन जा. गरिबाचा वाटा तसाच आहे."

"अगं बाई, मी भिकारीण दिसते होय?" झोसियान खदखदून हसली. "नको हो. घरी पोरं खोळंबलीत. धाकटा सकाळपासून टेबलाखाली बसलाय."

घरातलं सर्वांत लहान माणूस टेबलाखाली बसतं. वरून तुकडा उचलून विचारायचं, हा कुणाचा? खालून त्याने न बघता नाव सांगायचं. मग ज्याच्या तुकड्यात केकमध्ये लपवलेला चिनीमातीचा दाणा निघेल, त्याला कागदी मुकुट.

झोसियान गेली. बाईंनी ताटल्या मांडल्या आणि गुडघे धरत टेबलाखाली शिरल्या. वर कुणी नव्हतं, म्हणून विचारलंही त्यांनीच.

"हा कुणाचा?"

"तिबोचा."

बाहेर येऊन वाढलं, पुन्हा खाली. मग सुनेचा. मग लिझॉनचा. कंबर ठणकायला लागली.

"हा कुणाचा?"

आता त्यांचंच नाव यायचं होतं.

"गरिबाचा," त्या म्हणाल्या.

मग टेबलाची कड धरून उठल्या आणि तो तुकडा आपल्या ताटलीत घेतला.