गुरुवारचं मौन

“तुमची सून वेडी आहे का?” डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

निर्मलाबाई गप्प बसल्या. डॉक्टरांनी थोडा वेळ वाट पाहिली, मान हलवली आणि कागदावर टाक टेकवला. गजांच्या पलीकडून सुनेनं एकदाच सासूकडे पाहिलं. मग कुणीतरी “कट” म्हणालं. दिवे विझले. सून गजांतून हात बाहेर काढून चहा मागू लागली.

सिनेमाचं शूटिंग होतं. हिंगोलीजवळच्या एका जुन्या दगडी इमारतीचं वेड्यांचं इस्पितळ केलं होतं. गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची. एका बाईनं घरात दाराआड काय चालतं ते पुस्तकात लिहिलं. बोभाटा झाला. घरच्यांनी तिला वेडी ठरवून कोंडून टाकलं. तिच्या सासूच्या कामाला याच भागातली म्हातारी हवी होती. बोलायचं काही नव्हतं, नुसतं बसायचं. निर्मलाबाईंच्या नवऱ्यानं, अमृतरावांनी, हसत सांगितलं होतं की गुरुवारी घेऊन जा, त्या दिवशी तिचं मौनच असतंय.

दर गुरुवारी उठल्यापासून दिवेलागणीपर्यंत निर्मलाबाई बोलत नसत. दिवाळीनंतर हे व्रत त्यांनी एकाएकी धरलं. नवस नव्हता, कुणी सांगितलेलं नव्हतं. त्या पहिल्या गुरुवारी सकाळी अमृतरावांनी काही विचारलं, तेव्हा त्यांनी देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं, एवढंच. गावातल्या बायका त्यांच्या पाया पडू लागल्या. आज निघताना त्याच बायकांनी चेष्टा केली, निर्मलाबाईला बराबर काम भेटलं, तोंड उघडायची तकलीफ न्हाई.

संध्याकाळी घरी एक गाडी यायची होती. त्यांच्या थोरल्या सुनेला, शिवकन्येला, परजिल्ह्यातल्या एका दवाखान्यात न्यायला. दिवस अमृतरावांनी ठरवला होता.

हळद शिजत होती तेव्हा शिवकन्या साऱ्या मजुरांदेखत बोलून गेली होती. नवरा नरसिंग हळदीचा ट्रक घेऊन सांगलीला गेला की धाकटा दीर संतोष रात्री तिच्या दाराची कडी वाजवतो. अमृतराव म्हणाले, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. दोन दिवसांत सारं गाव तेच म्हणू लागलं. नरसिंगनंही फोनवर बापाचीच री ओढली, बापू म्हणतात तसं करा. शिवकन्या सासूजवळ येऊन बसली होती. “आत्याबाई, तुमी तं बाजूच्याच खोलीत निजता,” एवढंच म्हणाली. तो गुरुवार होता. निर्मलाबाई माळ ओढत राहिल्या.

आता दिग्दर्शक डॉक्टर झालेल्या नटाला समजावत होता. आवाज हळू होता, पण शेजारी बसलेल्या निर्मलाबाईंना शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“तुला तिच्या तोंडून ‘हो’ काढायचं नाहीये. ती ‘नाही’ म्हणत नाही, तेवढ्यावर तुझं काम भागतं. लिही आणि ऊठ.”

परत दिवे लागले. परत तोच प्रश्न. या खेपेला निर्मलाबाईंची नजर गजांमागच्या सुनेकडे गेली आणि तिथंच राहिली. दिग्दर्शकाला ते फार आवडलं.

चेहऱ्यावरचा रंग पुसून देताना शीतल नावाची मुलगी आपली बोलत होती. “ती बाई काही बाहेर आली नाही, आजी. आतच वारली. सासू मात्र पुष्कळ जगली म्हणे. देवाधर्मात.”

जीपनं त्यांना घराशी सोडलं तेव्हा ऊन उतरलं होतं, पण दिवेलागणीला अजून अवकाश होता. अंगणात पांढरी गाडी उभी होती. ओट्यावर शिवकन्या पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं सासूकडे एकदाही पाहिलं नाही. संतोष दारात मोबाईल चाळत होता. गाडीतून आलेले डॉक्टर खुर्चीवर चहा संपवून कागद काढत होते.

घरातल्या एखाद्या बाईमाणसाचं सांगणं लागतं, असं ते म्हणाले. अमृतरावांनी त्यांना समजावलं की मंडळींचं आज मौन हाय, तिची काही हरकत न्हाई, तुमी लिवा. डॉक्टरांनी तरी रीत म्हणून विचारलं.

“आजी, तुमच्या सुनेच्या डोक्यावर परिणाम झालाय ना?”

निर्मलाबाई उभ्याच होत्या. कपाळावरचा सिनेमातला रंग नीट निघाला नव्हता. डॉक्टरांनी थोडा वेळ वाट पाहिली. मान हलवली. कागदावर पेन टेकवलं.

“न्हाई,” निर्मलाबाई म्हणाल्या.

पेन थांबलं. संतोषनं मोबाईलवरून मान वर केली. अमृतराव हळूच, दटावल्यासारखं म्हणाले, “दिवा लागायचा हाय अजून. काहून व्रत मोडून राहिली? आत जाय.”

निर्मलाबाई आत गेल्या नाहीत. त्यांनी शिवकन्येच्या मांडीवरची पिशवी उचलून आपल्या हातात घेतली. आवाज नेहमीसारखाच हळू होता, डॉक्टरांना पुढं वाकावं लागलं.

“दिवाळीनंतरच्या बुधवारी रात्री ती कडी मला ऐकू आली, सायेब. गुरुवारपासून माझं मौन हाय.”