निळी वायर

स्टिअरिंगच्या खाली पाठीवर आडवी होऊन, तोंडात टॉर्च धरून आश्लेषा वायरी तपासत होती. काळी, पांढरी, लाल, निळी. तिचे पाय पिकअपच्या दाराबाहेर लोंबत होते. मागे ड्राइव्हवेमध्ये तिचा फूड ट्रेलर जोडलेला उभा होता; शेगडी, फ्रीज, पाण्याच्या टाक्या धरून चांगला तीन टनांचा.

"अगं, गॅरेजलाच नेऊ ना," मिहीर बाहेरून म्हणाला. "उगाच काही तुटलं तर वॉरंटी जाईल."

ती बोलली नाही. तोंडात टॉर्च होता, पण नसता तरी नवऱ्याशी ती बोलली नसती.

काल दुपारी उतारावरच्या सिग्नलला तिने ब्रेक दाबला आणि पिकअप थांबलीच नाही. मागच्या तीन टनांनी तिला ढकलत थेट क्रॉसिंगवर नेलं. रस्ता ओलांडणारे एक गोरे आजोबा हातातला वॉकर तिथेच टाकून मागे कोलमडले. वॉकर बंपरखाली चेपला. आजोबांचं कोपर सोलवटलं, तेवढ्यावर निभावलं. त्यांना फुटपाथवर बसवून तिने चेपलेला वॉकर बंपरखालून ओढून काढला.

घरी येताच तिने गॅरेजला फोन लावला. पिकअपचा ब्रेक दाबला की ट्रेलरचेही ब्रेक लागावेत म्हणून जो कंट्रोलर लागतो, तो त्यांनीच तीन आठवड्यांपूर्वी बसवला होता.

"कंट्रोलरचा दिवा लागतोय ना मॅम? मग चालू आहे," मालक डेल म्हणाला. "ट्रेलर ओढायचा तर ब्रेक जरा आधी दाबावा लागतो. मिस्टर आहेत का? त्यांना द्या."

मिहीरने फोन घेतला. "येस, येस. शी इज अ लिटल न्यू टू धिस," तो हसून म्हणाला. "सॉरी टू बॉदर यू."

नागपूरच्या पॉलिटेक्निकमध्ये तिने तीन वर्षं इलेक्ट्रिकल केलं होतं. अमेरिकेत, अल्फारेटाला येऊन चौदा वर्षं झाली, पण त्या शिक्षणाबद्दल कोणी विचारलं नव्हतं. घरातला पंखा बदलायलासुद्धा मिहीर माणूस बोलवायचा.

तिने टॉर्च काढून छातीवर ठेवला. "ती कंट्रोलरची लिव्हर दाबून धर, नुसत्या ट्रेलरच्या ब्रेकला करंट जातो त्याने. सोडू नकोस."

मिहीरने वाकून लिव्हर दाबली. तिने निळ्या वायरीला मीटर लावला. सांध्याच्या अलीकडे बारा व्होल्ट. पलीकडे शून्य. तिने पुन्हा लावला. शून्य.

सांध्यावरची काळी टेप तिने नखाने उलगडली. आत टॉर्च मारून बघितलं.

"वाक. बघ इथे."

"काय आहे?"

"वायर सोललीच नाहीये. प्लास्टिकवरच कनेक्टर दाबलाय आणि वर टेप गुंडाळलीय. आतलं तांबं कशाला लागतच नाहीये. ट्रेलरच्या ब्रेकला जाणारी हीच वायर, मिहीर. तो दिवा लागतो तो दुसऱ्याच वायरवर."

"म्हणजे काल..."

"काल मागे ब्रेकच नव्हते. आणि तू त्याला सॉरी म्हणालास."

मिहीरचा चेहरा आधी उतरला, मग लाल झाला. "मी सोडणार नाही त्याला! आत्ता रिव्ह्यू टाकतो. लॉयरशी बोलतो. समजतो काय स्वतःला..."

"सरक. उजेड अडतोय."

तिने कनेक्टर कापून फेकला. दोन्ही टोकं सोलली, पीळ दिला, नवीन कनेक्टर पकडीने दाबला आणि ओढून बघितला. एकदा हलके, एकदा सगळ्या रागानिशी. सांधा हलला नाही.

मग ती ट्रेलरसकट गाडी घेऊन कॉलनीच्या रिकाम्या रस्त्यावर गेली. मिहीर बाजूला बसला होता. वेग घेतला, पाय दोन्ही पेडलवरून उचलला आणि फक्त लिव्हर दाबली. कोणीतरी मागून कमरेला धरून ओढावं तशी पिकअप जागच्या जागी थांबली. मिहीरने डॅशबोर्डवर दोन्ही हात टेकले.

ड्राइव्हवेमध्ये परत येऊन तिने त्या कापलेल्या सांध्याचा फोटो डेलला पाठवला. पाच मिनिटांत त्याचा फोन आला. तिने स्पीकर लावून फोन बॉनेटवर ठेवला.

"नवीन माणूस होता, मॅम. गाडी घेऊन या, फुकट करून देतो. मिस्टर आहेत का जवळ?"

मिहीर पुढे सरकला. तिच्याकडे बघून थांबला. "तिच्याशी बोला," तो म्हणाला.

"काम झालंय. मी केलंय," आश्लेषा म्हणाली.

"अरे वा. मग प्रॉब्लेम सुटला."

"त्या माणसाने आणखी किती गाड्यांमध्ये हे बसवलं?"

"ते बघावं लागेल."

"बघा, आणि एकेकाला फोन करा. कोणी ट्रेलरमध्ये घोडे घेऊन चाललं असेल, कोणी बोट. कोणी मुलाबाळांना घेऊन कॅम्पिंगला."

"सोमवारी बघतो, मॅम."

"आज शनिवार आहे. लोक शनिवारीच ट्रेलर बाहेर काढतात."

तिने फोनचा आवाज वाढवला.

"यादी काढा," ती म्हणाली. "पहिलं नाव सांगा. मी लाइनवर आहे."

ती पिकअपच्या पायरीवर बसली आणि ग्रीस लागलेले हात तिने गुडघ्यांवर ठेवले. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि लोखंडी ड्रॉवर उघडून कागद चाळल्याचा.