चाकावरचं कुलूप

मच्छिंद्र वाफेनं भाजून मेला. हे वाचलंत ते विसरून जा. अजून तसं काहीच झालेलं नाही. अजून तो साखर कारखान्याच्या खालच्या मजल्यावर धडधाकट उभा आहे, खांद्यावर खरवडणी आहे, आणि कुलूप लावायला नाही म्हणतो आहे.

"न्हाई लावनार, मिस्त्री. दुसरं कायबी सांगा."

शलमोन मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. महायुद्धाच्या लढाईला फिटर कमी पडत होते म्हणून इंग्रज सरकारनं कारखान्यातच वर्ग काढला होता आणि गावोगावची पोरं शलमोनच्या गळ्यात बांधली होती. आज त्यांची परीक्षा. परीक्षेला पॅन होता, म्हणजे साखरेचा पाक आटवायचं ते घराएवढं लोखंडी भांडं. वरच्या मजल्यावरच्या भोकातून माणूस आत उतरतो, भिंतीला धरलेली खपली खरवडतो, बाहेर येतो. मग खाली वाफ सोडायचं चाक फिरवून भांडं धुतात. क्रम उलटा झाला तर माणूस धुतला जातो. म्हणून आत जाणाऱ्यानं आधी खाली चाकाला साखळी घालायची, कुलूप ठोकायचं, मगच जिना चढायचा, असा नियम होता.

आणि मच्छिंद्र होता शिंगणापूरचा. तिथं घराला दार नाही, मग कडी कुठली आणि कुलूप कुठलं. राखणीला शनिमहाराज. गावाबाहेर पडेपर्यंत त्यानं कुलूप पाहिलं होतं ते आपण वाघ पाहतो तसं, लांबून.

"आरं, चाकाला लावायचं, तुज्या घराला न्हाई."

"पर एलियाभाऊला चोर म्हनल्यागत हुतं की, मिस्त्री."

एलिया म्हणजे वाफेच्या चाकावरचा माणूस. तो शेजारीच बिडी ओढत होता. त्यानं मान हलवून दुजोरा दिला.

"त्यो चोर न्हाई," शलमोन म्हणाला, "विसरभोळा हाय."

एलियानं त्यालाही मान हलवली.

सराव चालू होता तोवर मच्छिंद्रनं आपला तोडगा काढला होता. तो आत उतरला की त्याचा जोडीदार, सोनईचा दानीएल, चाकावर बूड टेकून बसायचा. दानीएल अंगानं असा, की तो बसला की चाक दिसायचंसुद्धा नाही. बसल्या बसल्या घोरायचा, पण हलायचा नाही. एलियानं एकदा सवयीनं चाकाला हात घातला, तो दानीएलच्या मांडीला लागला. दोघंही दचकले. मच्छिंद्र सुखरूप वर आला.

"आज सायबाम्होरं दानीएल चालनार न्हाई," शलमोन म्हणाला. "कुलूप न्हाई तर सर्टिफिकेट न्हाई. जा घरी, नांगर धर."

घरी नांगराला भावांची आधीच गर्दी होती. मच्छिंद्रनं कुलूप हातात घेतलं, विंचू घ्यावा तसं. तेलाच्या डब्यात बोट बुडवून त्याला तेल लावलं. "म्हाराज, माफी असावी," असं पुटपुटला. साखळी ओढली. कुलूप खट्ट वाजलं. त्यानं हात जोडले आणि मागं वळून न बघता जिना चढला. शनीला तेल वाहिल्यावर मागं बघायचं नसतं.

शलमोननं ते खट्ट ऐकलं आणि त्याला भरून आलं. एवढं समाधान त्याला स्वतःच्या लग्नातही झालं नव्हतं.

"मिस्त्री, मग आता म्या काय करू?" दानीएलनं विचारलं.

"कुलूप हाय न्हवं? जा, भाकरी खा."

दानीएल गेला. शलमोन साहेबाला आणायला फाटकाकडं गेला. एलिया कुलूप लागायच्या आधीच पाणी प्यायला गेला होता. साहेबाची मोटार फाटकात शिरली तेव्हा एलिया परत आला. चाकावर दानीएल नव्हता. एलियानं कुलूप काढलं, साखळी काढली, आणि चाक फिरवलं.

सुरुवातीला जे विसरायला सांगितलं होतं, ते आता आठवा.

साहेबानं चौकशी तिथंच, चाकाशेजारी घेतली. वरून अजून पाणी ठिबकत होतं. कुणी वर बघत नव्हतं.

"कुलूप तोडलंस?"

"तोडीन कशाला, सायेब?" एलिया म्हणाला. "चावी कुलपातच हुती. आत जानारा चावी खिशात घालून जातो. चावी कुलपात म्हंजे गडी भाईर आला. समदे आसंच करत्यात, सायेब. मला वाटलं, आला भाईर."

साहेब शलमोनकडं वळला. "चावी काढून घ्यायची, हे तुम्ही याला शिकवलं होतं?"

शलमोननं आठवून पाहिलं. साखळी शिकवली होती. कुलूप शिकवलं होतं. खट्ट वाजलं पाहिजे, हेही शिकवलं होतं. चावी काढ, असं कुणी कुणाला सांगतं का? बाकीच्या पोरांना ते त्यांच्या घराच्या दारानं शिकवलं होतं.

"न्हाई," तो म्हणाला.

साहेबानं लेखी खुलासा मागितला. शलमोननं खुलासा दिला नाही, अर्ज दिला. अक्षर वळणदार होतं, मिशनच्या शाळेतलं.

"मेहेरबान साहेबांचे सेवेशी. सदर उमेदवारास एक धडा शिकवावयाचा राहून गेला आहे. कसूर शिकवणाराची आहे, उमेदवाराची नाही. सबब उमेदवार मच्छिंद्र, राहणार शिंगणापूर, यास फेरपरीक्षेस बसण्याची एक संधी देण्यात यावी, ही नम्र विनंती. राहिलेला धडा अर्जदार स्वतः शिकवील."